छताचे पैसे

लोरेनला फेब्रुवारीत सरोवर दिसत नाही,
नुसता त्याचा श्वास येतो, पांढरा, रस्त्याला घसटत.
आमच्या चर्चचं छत तीन जागी गळतं.
तीन बादल्या. एक निळी, दोन रंगाचे रिकामे डबे.
एमरिक टोथ रविवारी सगळ्यांच्या आधी येतो,
मागच्या दाराशी त्या ओततो,
आजाऱ्याचं भांडं ओतावं तसा, न बोलता.

चार वर्षं आम्ही पैसे जमवले.
शुक्रवारचे तळलेले मासे, जुने कोट,
थेल्मा गेन्सचे रताळ्याचे पाय.
एकोणीस हजार दोनशे डॉलर.
मग पास्टर व्हिटफील्ड म्हणाले,
इस्पितळाची थकलेली बिलं बाजारात मिळतात,
डॉलरभर कर्ज एका सेंटला,
शिळ्या पावासारखी.
घेऊ या. आणि फाडू या.

एमरिक उभा राहिला.
"भट्टी विझली तेव्हा
माझं कुणी काही फाडलं नाही."
बसला. निळ्या बादलीत थेंब पडला.
तेवढंच उत्तर मिळालं त्याला.
एकतीस विरुद्ध चौदा.

माझा हात कुठल्याच बाजूनं वर गेला नाही.

बावीस वर्षं मी त्याच धंद्यात होते.
क्लीव्हलंड, चौथा मजला, कानाला हेडफोन,
समोर छापील कागद:
बाई रडली तर काय म्हणायचं,
बाप्या शिव्यांवर आला तर काय.
मुलानं फोन उचलला तर
"आई कामावरून कधी येते रे, राजा?"
हे कागदावर नव्हतं.
हे माझं मी घातलेलं.
त्या नोव्हेंबरात सगळ्यांत जास्त वसुली माझी.
बक्षीस म्हणून टर्की मिळाली. अख्खी.
भाजली, खाल्ली,
हाडांचं सूपसुद्धा केलं.

चर्चमध्ये विचारलं कुणी तर सांगते,
ऑफिसात होते.

पत्राचा मजकूर पास्टरांनी मला दाखवला:
आपलं देणं फिटलं आहे, ही भेट आहे,
बदल्यात काही नको.
मी म्हटलं, एक ओळ वाढवा.
का, ते त्यांनी विचारलं नाही.

कुणाकुणाचं फिटलं ते आम्हाला कळत नाही,
नियमच तसा.
फक्त जी पत्रं पोचत नाहीत
ती आमच्या पत्त्यावर परत येतात.
मंगळवारी टपाल मी बघते.
दोन घर सोडून गेलेली.
तिसऱ्यावर शिक्का: मयत.
डार्लीन कोव्हाच, पूर्व अठ्ठाविसावा रस्ता.

हिला मी कधी फोन केला होता का?
दिवसाला साठ व्हायचे.
मी आवाज आठवू पाहिला
आणि साठही एकदम बोलू लागले.

एमरिक फरशी पुसत होता. लिफाफा त्याला दिला.
त्यानं सुरीनं फोडला, नीट, दाढी करावी तसा,
आणि उभ्यानंच मोठ्यानं वाचलं,
जणू ती बाई बाकावर बसली होती.
शेवटच्या ओळीशी अडखळला:
"यापुढे आपल्याला कुणीही फोन करणार नाही.
रात्रीच्या जेवणाच्या वेळीही नाही."

"हे कुणी लिहिलं?"
मी.
तो माझ्याकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ.
त्याच्या बायकोच्या आजारपणात
त्यांचा फोन उशीखाली ठेवलेला असे,
हे मला पुढे थेल्माकडून कळलं.
त्या दिवशी तो एवढंच म्हणाला,
"जेवणाच्या वेळीच करायचे."
आणि फडकं पिळायला लागला.

ईस्टरआधीच्या रविवारी पलीकडच्या ल्युथरन चर्चचे लोक
आमच्यात येऊन बसतात.
प्रार्थनेत एका जागी आमची फाटाफूट होते.
ते म्हणतात, आमचे अपराध,
आम्ही म्हणतो, ऋण.
आमचा शब्द आखूड, आधी संपतो.
त्यांचा पोचेपर्यंत थांबावं लागतं.

यंदा त्या थांबण्यात
तिन्ही बादल्या ऐकू आल्या.
कुणीतरी हसलं. बहुतेक एमरिक.
मी मान वर केली नाही.