ओळंबा

वेंगुर्ल्यात, बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर,
गुणाजीमामाच्या पडवीत मी नकाशा पसरला.
कोपऱ्यांवर रंधा, पटाशी, तंबाखूची डबी,
चौथ्यावर माझा पाय.
ओसाकातली इमारत, सत्तावन्न मजले.
मामाने बोटाने मोजले, बत्तिसाला चुकला,
पुन्हा तळापासून.

मी म्हटलं, खेळण्याएवढी करून दे,
तिथं माझ्या टेबलावर राहील.

पांगाऱ्याचं लाकूड, लाखेचे रंग.
पायाखाली रबराचे ठोकळे असतात, मी सांगितलं,
जमीन हलते तेव्हा घर तिच्या सगळ्याच नादाला लागत नाही.
मामाने जुनी स्लीपर कापली, आठ तुकडे.
एकावर अजून अंगठ्याचा खळगा.

काही काचांवर तांबडे त्रिकोण, टोक खाली.
"ह्यां काय? तोरान?"
आग लागली तर बंबवाले तिथून आत येतात.
त्या खिडकीपुढे कुणी कपाट ठेवायचं नसतं.
मामा बोलला नाही.
मधल्या खोलीला समुद्राकडे खिडकी होती,
मामी होती तोवर.

मग शेवटचा कागद. माझा.
तीन वर्षं मी एवढंच काढत होते:
माथ्याजवळचा मजला, माणसं नाहीत, पडदे नाहीत,
दोरखंडांवर टांगलेलं तीनशे टन लोखंड.
वारा इमारतीला ढकलतो,
ते मागे राहतं,
आणि मागे राहून तिला परत ओढतं.

मामा हसला, खोकला येईपर्यंत.
"अगो, हो तर ओळंबो!
आमी भिंत झाली काय काढतंव, खिशात घालतंव.
तेंनी घरातच इसारल्यानी."

विसरले नाहीत, मी म्हणत होते,
पण त्याचा हात केव्हाच हत्यारांच्या पेटीत, कोपरापर्यंत.
आजोबांचा पितळी ओळंबा,
लिंबाएवढा, दोरा तेलाने काळा.
छपराला भोक पाडून आत सोडला.

फळी हलवली.
मनोरा डुलला, आत पितळ उलटं गेलं,
पुन्हा डुलला, कमी,
मग दोघंही थांबले.
"परत हालव."

सोमवारी तो माझ्या बॅगेत असेल, ओळंब्यासकट.
आता भिंत कशाने जोखशील, हे विचारायचं राहिलं.

जेवणं झाली, दिवे गेले,
पडवीत फळी वाजत होती, थांबत होती, वाजत होती.
खूप उशिरा ती थांबली,
आणि मधल्या खोलीत
जड काहीतरी फरशीवरून
वीतवीत सरकू लागलं.