कामोठ्यात

लग्नकार्यात कोणी विचारलं, कुठे असता,
तर आधी मुंबई म्हणायचे.
मग, मुंबई म्हणजे नवी मुंबई.
मग, नवी मुंबई म्हणजे पनवेलच्या जरा अलीकडे.
तोवर समोरचा पंगतीत जागा शोधायला लागलेला.
आता सरळ सांगते, कामोठे.
कळलं तर कळलं.

स्टेशनचं नाव मानसरोवर.
हंस शोधू नका, रिक्षा मिळेल.
रिक्षावाल्याला सेक्टर सांगू नका, तोही चुकतो,
'चष्म्यावाल्या बाई' म्हणा.
ती मी.

वीस वर्षांत अख्ख्या गल्लीचे नंबर पाठ झालेत.
बँकेतल्या साळवीबाई, उजवा वजा अडीच, डावा वजा तीन.
पोळीभाजी केंद्रातली सुलभा, जवळचा दीड,
पण कबूल करत नाही, मोहरीत खडा निघेपर्यंत.
जुई गावचे हसुराम भगत, दोन्ही डोळ्यांना दोन,
फ्रेम मात्र सोनेरीच हवी.
'तुजा काउंटर हाय ना, तथंच आमचा बांध व्हता,'
हे ते चिडून सांगत नाहीत,
छत्री कुठे विसरली ते सांगावं तसं सांगतात.
सकाळी काच पुसताना कधी कधी
बांधावरूनच फडकं फिरतंय असं वाटतं मला.

तिथे आहे तरी काय, मावसबहीण फोनवर विचारते.
मी सांगायला जाते आणि अडते.
एक बाग आहे, तिच्यात दोन झोपाळे, एकाची साखळी दोरीची.
दुपारी दोन ते पाच सगळी शटरं खाली,
कुत्रीसुद्धा रस्ता सोडून पायऱ्यांवर.
रात्री कळंबोलीकडे लोखंडाचे ट्रेलर जातात,
खिडकीची तावदानं बारीक थरथरतात.
ती थांबली की जाग येते.
ओहोटीला खाडीचा वास येतो, पाहुणे नाकाला रुमाल लावतात.
मी पोळ्या लाटत असते.

आणि इथे काहीच लपत नाही.
नवरा बॅग घेऊन गेला तो मंगळवार होता,
बुधवारी दूधवाल्याने एकच पिशवी ठेवली.
त्याचा राग मला अजून आहे.
कोणी काही विचारलं नाही.
फक्त त्या महिन्यात गल्लीत
चष्म्याच्या दांड्या फार मोडायला लागल्या.
साळवीबाईंची तर तीनदा, एकाच जागी.
हसुरामकाका चांगला चष्मा घेऊन आले,
म्हणाले, जरा सैल वाटतोय गो.
मी स्क्रू आवळला, परत दिला.
दहा रुपये ठेवून गेले. परत दुसऱ्या दिवशी सैल.

केतकी आली आहे हैदराबादहून, चार दिवसांसाठी.
संध्याकाळी एक फेरी मारून आली,
आई, किती एवढंसं आहे गं हे,
संपलंच, मी वळले आणि संपलं.
मी म्हटलं, बस, डोळे तपासू.
ट्रायल फ्रेम तिच्या नाकावर अजून मोठीच होते.
भिंतीवरची अक्षरं तिला पाठ आहेत,
आठ वर्षांची असताना इथेच बसून अभ्यास करायची,
म्हणून आरशातून उलटी दाखवते.
काच घालते, काढते.
हे बरं की हे?
हे.
आता? हे बरं की हे?
ती थांबते. शटरबाहेर कोणीतरी
माझं नाव घेऊन स्कूटर लावतंय.

दोन्ही सारखंच वाटतंय, ती म्हणते.

असं म्हणालं की आम्ही
आधीचीच काच ठेवतो.