अडतिसावी ओळ

वेंगुर्ला बंदरावर, जुन्या बर्फाच्या कारखान्यात
आता मासेमारीचं संग्रहालय आहे.
भिंतींना अजून अमोनियाचा वास,
दमट हवेत जास्तच.
मला पंधरा दिवसांसाठी नेमलंय,
लोक किती रमतात ते मोजायला.

सूचना छापील आहेत:
पाहुण्याच्या मागे उभं राहावं, चार पावलांवर.
त्याला कळू देऊ नये.
टेबलाशी आला की घड्याळ सुरू, गेला की बंद.
हात लावला? प्रश्न विचारला?
हसला? कुणाला बोलावून दाखवलं?
होय असेल तिथे एक गुण.

तिसऱ्या टेबलावर आनंदीबाय गिरप बसते.
जाळं विणायची सुई, निळा नायलॉनचा दोरा,
आणि मुद्दाम अर्धवट सोडलेला एक आस.
"हात लावा हो, काय मोडूचा नाय,"
दिवसातून दोनशे वेळा.

सकाळी कोल्हापूरची सहल आली.
एका मुलाने गाठ मारली, मित्राला हाक मारली,
फोटो काढला, गेला.
एक्केचाळीस सेकंद. तीन गुण.
त्याच्यामागे तीसेक जण तसेच.
एका मुलीने सुईच दप्तरात टाकली.
ते कुठे लिहायचं, छापलेलं नव्हतं.
बाकी सरासरी छान होत होती.

साडेचारला एक म्हातारा आला.
चप्पल दाराशी काढलेली, कुणी सांगितलं नसताना.
टेबलासमोर उभा राहिला, हात पाठीमागे धरून.
आनंदीबाय म्हणाली, बसा.
बसला नाही.
हात लावा म्हणाली.
तो नुसता तिच्या हातांकडे बघत राहिला.

स्पर्श: नाही. प्रश्न: नाही. हसू: नाही.

मी मागे होतो, चार पावलांवर,
म्हणून मला दिसलं:
पाठीमागे त्याची बोटं चालली होती.
उजवी तर्जनी वाकडी, कधीतरी दोरात सापडलेली,
तरी अंगठ्यावरून वळसा, खालून वर, ओढ,
पुन्हा अंगठ्यावरून वळसा.
सुई नाही, दोरा नाही.
तिचा एक आस होईतो त्याचे तीन व्हायचे,
मग तो थांबायचा,
तिच्यासाठी.

मी मोजायला लागलो. साठच्या पुढे चुकलो.

सहाला शिपायाने अर्धं शटर ओढलं.
तो वाकून बाहेर पडला,
बंदराकडे नाही, एस.टी. स्टँडच्या बाजूला.
आनंदीबायने जाळं गुंडाळलं.
"उभो रवलो नुसतो," म्हणाली.
मग माझ्या कागदात डोकावून,
"माका किती मार्क?"

आठवड्याने पुण्याहून मॅडमचा फोन आला.
अडतिसाव्या ओळीत काहीतरी गडबड आहे.
गुण शून्य, आणि वेळ चौदा तास सात मिनिटं?

घड्याळ बंद करायचं राहिलं, मी म्हणालो.
खिशात तसंच चालू होतं,
खानावळीत, मग उशाखाली, सकाळपर्यंत.

"मग काढून टाकू ना ती ओळ?"

खाली पुळणीवर रापण ओढायला माणसं जमत होती.
दोराला अजून कुणी हात घातला नव्हता.
मी म्हणालो, थांबा जरा.