पासंग

मठपती बाईंनी शाळेच्या भिंतीला तक्ता लावला,
खडूनं लांब रेघ मारली.
शिवकन्या रेघेवर उभी, उजव्या डोळ्यावर तळहात,
घडाघडा वाचत गेली पार शेवटच्या ओळीपर्यंत.
बाईंना शंका आली. बोटांत फट होती.
फट बुजवली तसं लेकरू गप झालं,
म्हणालं, बाई, तक्ता काढला का?

मी वसमतच्या मोंढ्यात मापाडी.
हळदीचं पोतं चढवायच्या आधी
रिकामा काटा बघायचा, ही वडिलांची शिकवण.
एक पारडं जड असलं तर दुसऱ्याला पासंग बांधायचा,
चिंधीत खडा, नाहीतर गंजका नट,
मगच वजन खरं.
आता लाल आकड्यांचे काटे आलेत,
तरी मी सकाळी रिकाम्या काट्याकडं बघतोच.
पोरीकडं मात्र बघितलं नाही.
सहा वर्षं.

नांदेडला डॉक्टर बिडवईंनी खोलीत अंधार केला,
तिच्या बुबुळावर उजेडाची रेघ फिरवली,
एकामागून एक भिंगं धरली.
म्हणाल्या, डोळा साफ आहे, आत बिघाड नाही.
उजव्याला नंबर नाही, डाव्याला पाच.
एकाचं चित्र स्वच्छ, दुसऱ्याचं पुसट;
मेंदूनं स्वच्छ ते ठेवून घेतलं
आणि दुसऱ्याचं ऐकणंच सोडलं.
कुणाचा डोळा तिरळा असतो,
कुणाची पापणी बाहुलीवर उतरलेली,
कुणी मोतीबिंदू घेऊनच जन्माला येतं.
हिच्यात वरून तुम्हाला काय दिसणार?
मग कागदावर लिहिलं: आळशी डोळा.

तो शब्द मला लागला.
रोज सकाळी तो डोळा उघडत होता की,
बघत होता, सांगत होता,
थोरल्यानं आधीच उत्तर दिलेल्या घरातल्या
धाकट्यासारखा.
त्याच्याकडं मान कुणी वळवली?

चष्मा मिळाला. आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, दिवसाचे चार तास.
पहिल्या दिवशी ती भिंतीला हात लावत चालली,
उंबऱ्याला ठेचकाळली, रडली.
दुसऱ्या दिवशी पट्टी सापडली शेळीच्या कपाळावर.
तिसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं "काणी" म्हणाली
आणि तिनं एकाला चावा घेतला.

मंग मी म्हणालो, हे बघ, मी पण लावतो.
उजव्या डोळ्यावर लावली. मोंढा होता तसा,
हमाल हसले, आडत्यानं विचारलं काय झालं.
घरी आल्यावर तिनं हट्ट धरला, आता दुसऱ्यावर.
डाव्यावर लावली,
आणि समोरचं कॅलेंडर
धुणं धुतलेल्या पाण्यासारखं झालं.
तारखा नाहीत. देव नाही. खिळा तेवढा होता,
तोही असेल म्हणून.

मला आठवलं:
बशीबाहेर सांडलेला चहा,
पोत्यात तिसऱ्या खेपेला घुसणारा हूक,
विहिरीच्या पायऱ्यांवर उगीच थबकणं,
आणि वडिलांचं "धांदरट".
चाळीस वर्षं मी एका पारड्यानं माप घेतलं.

डॉक्टरांना पुढच्या खेपेला दाखवलं.
त्या म्हणाल्या, पायवाट लहानपणीच मळते,
सात-आठ वर्षांपर्यंत माती ओली असते.
तुमच्या वाटेवर आता गवत वाढलंय.
फार आशा धरू नका.
बरं, म्हणालो. हिचं सांगा.

आता दुपारी ती ओसरीवर बसते,
पट्टी लावून, हळकुंडं एकीकडं, गड्डे एकीकडं.
आधी दोन्ही एकाच टोपलीत जायचे.
परवा तक्त्याच्या चौथ्या ओळीला अडकली,
पाचवीला तिनं अंदाज मारला, चुकला.
माझा पासंग तिला बांधता आला असता तर बांधला असता;
तसं होत नाही.

काल चहा ओतत होतो.
ती पट्टीआडून नाही, त्या दुसऱ्याच डोळ्यानं बघत म्हणाली,
बापू, कप इकडं आहे.