उजेडाची आडवाट

दारातच फोन काढून घेतात सगळ्यांचे,
नंबर टाकलेल्या कापडी पिशव्यांत.
जहराच्या या हॉलमध्ये, बायकांच्या बाजूला,
आज रात्री डोळा फक्त माझ्या कॅमेऱ्याला.

पहिल्या वर्षी मी फ्लॅश सरळ मारायचे,
चोराच्या तोंडावर बॅटरी मारावी तसा.
नाकं चकाकायची, आणि मागे भिंतीवर
प्रत्येकीची काळी सवत उभी.
एका नवरीच्या आईने अल्बम परत केला:
ह्या माझ्या पाहुण्या?
ही तर पोलीस ठाण्यातली रांग.

तेव्हापासून उजेडाला मी आडवाटेने धाडते.
फ्लॅशची मान वर, छताकडे.
तो तिथे आपटतो, फुटतो, मऊ होतो
आणि बायकांच्या कपाळांवर उतरतो
पिठाच्या चाळणीतून आल्यासारखा.

पण छत पांढरं हवं.
इथलं सोनेरी, वेलबुट्टीचं, झुंबरांनी जड.
पहिला फोटो पाहिला आणि हसू आवरेना:
अख्ख्या हॉलला हळद लागलेली!
नवरी, तिच्या सात मावश्या,
गहव्याची किटली फिरवणारी इजिप्शियन बाई,
कुणी सुटलं नाही.
मिरजेत चाललंही असतं.
इथे निलुकाला हाक मारली.
निलुका मातारा गावची, माझी मदतनीस,
रात्रीचे सहा दिनार आणि उरलेला भात.
तिने पांढरी ओढणी दोन्ही हातांनी ताणली,
मी फ्लॅश तिच्याकडे वळवला.
हळद उतरली.

आरशांच्या खांबांशी तिरकं उभं राहायचं,
नाहीतर फोटोत आपणच सूर्य.
घोळका असला की पुढच्या पांढऱ्याफटक, मागच्या बुडालेल्या;
मग मान जराशी मागच्यांकडे झुकवायची,
वाढताना पंगतीच्या टोकाकडे लक्ष ठेवावं तशी.
आणि दोन फोटोंच्या मधली ती बारीक शीळ,
फ्लॅश पुन्हा भरत असतो तेव्हाची.
बायकांना वाटतं, झालं.
खांदे सोडतात, टाच बुटातून बाहेर काढतात,
एखादी जांभई देते, दात दिसेपर्यंत.
नेमक्या तेव्हा त्या बघण्यासारख्या असतात,
नेमका तेव्हा माझ्याकडे उजेड नसतो.

साडेबाराला कोपऱ्यातल्या सोफ्यावरून हात हलला.
उम्म फहद. नवरीच्या बापाची आत्या.
संध्याकाळपासून मला पाठच दाखवत होती.
मोतीबिंदू काढून बारा दिवस झालेत, म्हणाली,
तुझी वीज सुईसारखी शिरते.
आणि चेहरा नको. चेहरा अल्लाने पाहिलाय, पुरे.
हात घे.
तिचा, आणि त्यावर ठेवलेला
मेंदीचा, वीस वर्षांचा.

मी फ्लॅश कमी केला, कमी, आणखी कमी,
चौसष्टावा हिस्सा,
काडीपेटीतल्या एका काडीइतका.
त्याचं तोंड माझ्याच खांद्यावरून मागे वळवलं.
मागे निलुका, ओढणी पदरासारखी पसरून.
उजेड आधी ओढणीत गेला,
तिथे जरा टेकल्यासारखा झाला,
मग आला.
शिरा दिसल्या, निळसर.
अंगठी सरकली होती, तिच्याखालचा फिका पट्टा.
मेंदीची कड.
उम्म फहद डोळे मिटून, ओठ आवळून बसलेली.
बऱ्याच वेळाने म्हणाली,
"हं, आता काढ, बाळ. तयार आहे मी."

काढून झाला होता.
तरी एक काढला, फ्लॅश बंद ठेवून,
नुसता खटका,
तिला ऐकू जावा म्हणून.

दोन वाजता कार्ड नवरीच्या आईच्या हातात.
सहाशे चाळीस फोटो, वहीत सही, कॅमेरा रिकामा.
भाऊ फोनवर विचारतो, अगं, एखादं काम तरी दाखव.
काय दाखवू?
सगळं इथल्या कपाटांत, कुलपांआड.

गाडीत निलुका ओढणीची घडी घालते.
तिला बखूरचा वास,
आणि एका कोपऱ्याला
कुणाचं तरी मेंदीचं बोट.