चाव्या देण्याआधी

प्रल्हाद, पेढे पोचले.
पिंप्राळ्याच्या पुढं फ्लॅट, वीस वर्षांचा हप्ता,
आणि तू म्हणतोस, भाड्यातच फिटून जाईल ताई.
थांब जरा.

भाडं म्हणजे पगार नव्हे भाऊ.
बारा महिन्यांतले दहाच धर.
एक रिकामा जातो, एक गच्चीच्या डांबरात.
हे मी वहीत पाहून सांगते,
निळी वही, ब्याण्णव सालापासूनची,
मागच्या पानावर प्लंबरचे नंबर,
त्यातले तिघे वारले.

खोली दाखवायची तर मे महिन्यात, दुपारी दोनला.
अंगाची लाही होत असताना जो विचारतो
पाणी किती दिवसांआड येतं,
तो राहायला आलेला.
खरं सांग त्याला. टाकी किती लिटरची तेही सांग.
नाहीतर चौथ्या दिवशी फोन येईल
आणि तू जेवत असशील.

कूलरची खिडकी आधी ठरवून दे.
माझी पूर्वेची भिंत चार उन्हाळ्यांत कूलरनं खाल्ली,
आता तिथं खिळा धरत नाही.

मीटर वेगळं घे.
करार अकरा महिन्यांचा, नोंदवलेला, पोलिसात कळवलेला.
ओळखीचा आहे म्हणून सोडू नकोस.
वरणगावचे चुलत दीर मधल्या खोलीत
बोलाबोलीवर आले होते, दोन महिन्यांसाठी.
सात वर्षांनी गेले.
मुलाचं लग्न त्याच खोलीत ठरलं,
मला पत्रिका नव्हती.

आडनाव ऐकून भाडं वाढवू नकोस, की नाही म्हणू नकोस.
मी केलंय ते. कुणाला, ते सांगणार नाही.

फोटो काढ. नळ, काचा, फरशीचा तडा,
तडा त्याच्यासमोर बोट ठेवून दाखव,
म्हणजे जाताना तो त्याच्या नावावर लागत नाही.

सुबोध झा होता माझ्याकडं, वरच्या खोलीत.
समस्तीपूरचा, लोको शेडमध्ये.
रात्री अडीचची ड्युटी असली
की चपला हातात घेऊन जिना उतरायचा.
मला माहीत कसं? मी जागीच असायचे,
हे गेल्यापासून.
इटारसीला बदली झाली त्याची.
अनामतीतून मी सहाशे कापले,
भिंतीत सहा खिळे होते म्हणून.
बरं, म्हणाला. नमस्कार केला. गेला.

पंधरा दिवसांनी मोरीतला नळ पाहिला.
नवा, पितळी.
तीन वर्षं गळत होता तो, मी उद्या उद्या म्हणत होते.

मनीऑर्डर पाठवली. परत आली,
घेणारा आढळला नाही.
ते सहाशे अजून वहीत आहेत,
ना जमेत, ना खर्चात.
दर दिवाळीला नव्या पानावर ओढून घेते.

तर असं. खिळे मोज, पण नळही पाहा.
आणि किल्ली तुझ्याकडं असली तरी दार वाजव.

राहायला येतील त्या दिवशी त्यांच्याकडं गॅस नसेल.
सुमनला म्हणावं भरीत कर, चार भाकरी टाक,
देऊन ये, बसू नकोस.
भाड्याची तारीख त्या दिवशी काढू नकोस.
दुसऱ्या दिवशी काढ. नक्की काढ.

टाकीला झाकण आहे का ते कळव.