गाडी माझ्या नावावर

गाडी माझ्या नावावर आहे.
विघ्नेश तेव्हा अठराचा नव्हता आणि
पगाराची स्लिप घरात फक्त माझ्याकडे.
शोरूमवाल्याने हार घातला, पेढा दिला.
सही मी केली, चावी त्याने उचलली.

तेव्हापासून तो मला मेसेजमधून कळतो.
'आपल्या वाहनावर', अशी सुरुवात.
रात्री दोन चाळीस, बांद्रा रेक्लमेशन.
तीन दहा, खेरवाडीचा पूल.
कुठे होतास विचारलं तर म्हणतो, इथेच.
इथेच म्हणजे ताशी एकशे सात.

पैज पाचशेची. कधी नुसत्या भुर्जीपावाची.
हे मला रेहानच्या बहिणीने सांगितलं,
तिच्याही नावावर एक आहे.
आम्ही दोघी चलानं ताडून बघतो.
तुझा किती वाजता?
माझा त्याच्या चार सेकंद आधी.
म्हणजे माझा जिंकला.
बरं वाटलं मला.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

बाकीची पोरं नंबरप्लेट वाकवून ठेवतात.
ही दोघं नाही.
का, ते आम्ही विचारलं नाही,
दंड भरत राहिलो.

मग शनिवारची नाकाबंदी, कलानगरला.
कलम एकशे एकोणनव्वद, शर्यत.
फौजदारबाई माझ्याच वयाच्या.
म्हणाल्या, हप्ते तुम्हीच भरता ना?
मी हो म्हटलं.
त्या लिहीत राहिल्या.
बाकावर विघ्नेश, कोपर सोललेलं,
माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होता.

गाडी सोडवायला मालकच लागतो.
कोर्टाचा कागद घेऊन यार्डात गेले
तर ओळीत शंभरेक उभ्या, टाक्यांवर धूळ,
मधे एक पुढून पार चेपलेली.
तिच्या फूटरेस्टमध्ये अडकलेली चप्पल,
डाव्या पायाची.
ही कुणाची, असं हवालदाराला विचारलं.
तुमची ती पलीकडची, तो म्हणाला.

लायसन आहे का?
आहे. सहा वर्षांपूर्वी काढलेलं,
पाकिटात आधारकार्डामागे.
विघ्नेश म्हणाला, दे, मी घेतो.
मी म्हटलं, तू मागे बस.

किक नव्हती, बटण होतं.
एवढा आवाज माझ्यामुळे कधी झाला नव्हता.
पानवाला वळून बघू लागला, रिक्षावाले, एक कुत्रं.
सिग्नल लाल. समोरचा रस्ता
सगळा रिकामा, उतरता, दुपारचा.
एकोणसत्तर सेकंद.
मागून तो हळूच म्हणाला, ताई, कोणी नाहीये.

मला दिसत होतं.
उजव्या मुठीत काहीतरी थरथरत होतं
आणि मी आकडे मोजत होते,
अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस,
मोठ्याने.